सोलापुरात आदिमानवाच्या कवट्या कशा आणल्या: दरपत्रकं, कस्टम्स, थ्रीडी प्रिंट आणि ज्वारी

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते, अर्ध्या पोरांची पुस्तकं अजून यायची असतात आणि आपण फळ्यापाशी उभं राहून ऑस्ट्रॅलोपिथेकस, म्हणजे दोन पायांवर चालणारा आदिमानव, शिकवत असतो. मी सोलापुरात एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम, नुसत्या कवटीवरून कसं काय कळलं की हा दोन पायांवर चालायचा? उत्तर सोपंय. मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते मोठं छिद्र कवटीच्या तळाला असतं, चिंपांझीत ते मागं सरकलेलं असतं आणि आपल्यात बऱ्यापैकी मधोमध, कारण आपलं डोकं मणक्यावर तोललेलं असतं. पण पुस्तकातली कवटी कायम समोरून नाहीतर बाजूनं काढलेली, तळ कोणी दाखवतच नाही, आणि फळ्यावर माझी चित्रकला दिव्य. म्हणून जून २०२३ मध्ये ठरवलं की पोरांना हातात घेऊन उलटी करून बघता येईल अशी कवटी आणायचीच. ती शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्यांसमोर टेबलावर आली. मधे काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण मला हे कुठंच एका जागी सापडलं नव्हतं.

आधी बाजारात काय मिळतं ते बघितलं. शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान म्हणलं की अंबाला, त्यामुळं आधी तिकडच्या दोन-तीन पुरवठादारांना मेल टाकले. आजच्या माणसाची प्लॅस्टिकची कवटी, वरचं टोपण उघडणारी, तेव्हा दीड-दोन हजारात सहज मिळत होती आणि चांगली होती, ती लगेच घेऊन टाकली. पण "मानव उत्क्रांती संच" म्हणून जे फोटो आले ते बघून हसू आलं, पाचही कवट्यांचे दात एकाच साच्यातले आणि भुवयांचा उंचवटा तेवढा कमीजास्त केलेला. मी विचारलं ही नेमकी कुठल्या जीवाश्माची प्रतिकृती आहे, नमुना क्रमांक काय, तर उत्तर आलं, "सर, हे जनरल मॉडेल आहे." (मी सर नाही हे मेलखालच्या सहीत होतं, असो.)

इथंच थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे घालवायचे का वाचवायचे ते इथंच ठरतं. रेप्लिका हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरतात. एक, मूळ जीवाश्मावरून किंवा त्याच्या चांगल्या कास्टवरून (साच्यातून ओतून काढलेल्या नकलेवरून) साचा काढून ओतलेली. दोन, मूळ जीवाश्म स्कॅन करून त्या फाइलवरून प्रिंट केलेली. तीन, फोटो बघून कोणीतरी हातानं घडवलेली. तिसरी कपाटात ठेवायला बरी दिसते पण तिच्यावर व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) लावून मोजमाप घेतलं तर ते त्या कारागिराच्या अंदाजाचं मोजमाप, जीवाश्माचं नाही. ओळखायचं कसं तर विकणाऱ्याला क्रमांक विचारायचा. प्रत्येक महत्त्वाच्या जीवाश्माला क्रमांक असतो, उदाहरणार्थ केएनएम-डब्ल्यूटी १७०००, यात केएनएम म्हणजे केनियाचं राष्ट्रीय संग्रहालय आणि डब्ल्यूटी म्हणजे तुर्काना सरोवराचा पश्चिम भाग. ज्याला क्रमांक सांगता येत नाही त्याच्याकडनं अभ्यासासाठी काही घेऊ नका, शोभेला घ्या हवं तर.

खऱ्या कास्टवरच्या रेझिनच्या, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, कवट्या बनवणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. त्यांच्या कॅटलॉगात मन रमतं आणि किंमत बघितली की खाली येतं. तेव्हा एकेक कवटी वीस-पंचवीस हजाराच्या घरात होती, वर शिपिंग, वर ड्युटी. सगळा संच विकत घेणं आमच्या बापजन्मी जमणार नव्हतं म्हणून असं ठरवलं की दोनच विकत घ्यायच्या, ज्यांचा तळ आणि बारकावे हातात धरून बघण्यासारखे आहेत अशा, आणि बाकीच्या प्रिंट करायच्या.

विकतच्या दोन कुठल्या यावर मी बराच काथ्याकूट केला. पहिली मिसेस प्लेस या टोपणनावाची ऑस्ट्रॅलोपिथेकसची कवटी, क्रमांक एसटीएस ५. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफोंटेनला १९४७ मध्ये रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना सापडली, दात नाहीत, खालचा जबडा नाही, पण कवटी जवळजवळ पूर्ण आणि तळ छान बघता येतो, म्हणजे आमच्या कामाची. लोक ल्यूसीच का नाही घेतली विचारतात. ल्यूसी ही इथिओपियातली ऑस्ट्रॅलोपिथेकस प्रसिद्ध आहे पण १९७४ मध्ये तिचा जो सांगाडा मिळाला त्यात कवटीचे तुकडेच तेवढे होते, कॅटलॉगात ल्यूसीच्या जातीची पूर्ण कवटी दिसते ती एकतर दुसऱ्या नमुन्यांवरून जुळवलेली असते नाहीतर वेगळ्याच नमुन्याची. दुसरी घेतली ती ला शापेल ओ सँ इथला निअँडरथल (आपल्या जवळची, नामशेष झालेली मानवजात), फ्रान्समध्ये १९०८ मध्ये सापडलेला म्हातारा.

जुलै कागदात गेला. आमच्याकडं तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, मग शाळा समितीचा ठराव असा क्रम. अडचण अशी की सर्वात कमी दर साहजिकच त्या जनरल मॉडेलवाल्याचा. मग मी तुलनात्मक तक्त्यात किंमतीच्या आधी एक रकाना घातला, "मूळ नमुना क्रमांक व प्रतिकृतीचा प्रकार", आणि मागणीपत्रातच एसटीएस ५ असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे ज्याच्याकडं तो नमुनाच नाही त्याचं दरपत्रक निकषात बसत नाही. हे मुद्दाम करून घ्या, नंतर ऑडिटला कोणी विचारलं की कमी दराचं का नाही घेतलं तर उत्तर तक्त्यातच असतं.

ऑगस्टच्या बैठकीत एक सदस्य, मिलमधून रिटायर झालेले, हिशेबाला एकदम कडक, म्हणाले, "बाई, खोट्या कवटीला एवढे पैसे? खरी असती तर समजलो असतो." मी त्यांना पेकिंग मानवाची गोष्ट सांगितली. चीनमध्ये झोउकोउदियान इथं १९२० आणि ३० च्या दशकांत सापडलेले ते जीवाश्म १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेला हलवायचं ठरलं आणि वाटेत कुठंतरी गायब झाले ते आजतागायत सापडले नाहीत. आज जगाला ते माहीत आहेत ते फ्रान्झ वायडेनराइख या शास्त्रज्ञानं केलेल्या वर्णनांवरून आणि त्या आधी काढून ठेवलेल्या कास्टवरून. म्हणजे मूळ हरवलं आणि खोट्यानंच लाज राखली. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आपली पण डेडस्टॉकला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नीट चढवा." ठराव झाला, निम्मे पैसे शाळेच्या निधीतून आणि निम्मे २००५ च्या दहावीच्या बॅचनं द्यायचे अशा अटीवर.

सप्टेंबरमध्ये आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. संस्थेच्या नावानं परदेशातून माल मागवायचा तर हा लागतो. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ऑनलाइन अर्ज, फी ५०० रुपये, संस्थेचा पॅन, रद्द केलेला चेक आणि पत्त्याचा पुरावा. हे सगळ्यात सोपं निघालं, सीएंच्या ऑफिसात बसून चहा संपायच्या आत अर्ज भरून झाला. अवघड निघाली बँक. आमचं खातं ज्या शाखेत आहे तिथं परदेशी पेमेंट होत नाही, मोठ्या शाखेत जा म्हणाले, मोठ्या शाखेत संबंधित अधिकारी रजेवर, मग गणपती, मग ते म्हणाले प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर (विकणाऱ्यानं आधी पाठवलेल्या कच्च्या बिलावर) कंपनीचा बँक तपशील नाही, मग तो मागवला. तुम्ही आधीच मागवून ठेवा, त्यात खाते क्रमांक, स्विफ्ट कोड आणि मालाचं वर्णन तिन्ही पाहिजे. आणि एक गोष्ट बँक स्वतःहून सांगेलच असं नाही, पैसे गेले म्हणजे काम संपलं नाही, माल आल्यावर बिल ऑफ एंट्री (कस्टम्समधली आयातीची नोंद) आम्हाला बँकेत जमा करावी लागली, नाहीतर नावावर ते पेमेंट उघडंच राहिलं असतं आणि पुढच्या वेळेला आडवं आलं असतं.

ऑक्टोबरच्या मध्याला ट्रॅकिंगवर पार्सल मुंबईला आल्याचं दिसलं आणि तिथंच थांबलं. दोन दिवसांनी कुरिअर कंपनीचा मेल, कस्टम्सची क्वेरी आहे. इनव्हॉइसवर पाठवणाऱ्यानं नुसतं "स्कल, २ नग" असं लिहिलं होतं. झालं. हे मानवी अवशेष आहेत का, असतील तर परवानगी कुठंय, आणि जीवाश्म असतील तर पुराणवस्तू का? मला त्यांचा राग नाही आला खरं सांगायचं तर. आपल्या देशातून एके काळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांना खरे सांगाडे जायचे, १९८५ मध्ये सरकारनं त्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा कागदावर कवटी दिसली की अधिकारी चार प्रश्न विचारणारच. आमच्या लॅबच्या कपाटातला जुना सांगाडा तर खराच आहे.

तर उत्तरात काय पाठवलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापक सरांच्या सहीशिक्क्याचं पत्र की ह्या रेझिनच्या शैक्षणिक प्रतिकृती आहेत, यात मानवी किंवा प्राण्याचा कुठलाही जैविक भाग नाही, वापर फक्त वर्गात शिकवण्यासाठी, विक्रीसाठी नाही. कंपनीकडून साहित्याबद्दलचं घोषणापत्र. कॅटलॉगची ती दोन पानं. समिती ठरावाची प्रत. आणि एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक. प्रात्यक्षिकासाठीची मॉडेल्स ९०२३ मध्ये येतात, तर खरे जीवाश्म आणि संग्राह्य वस्तू ९७०५ मध्ये, हा फरक पत्रात ठळक लिहिला. पुढं नुसती वाट. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी ट्रॅकिंग बघायची सवयच लागली, स्टाफरूममध्ये तर "आल्या का मॅडम, तुमच्या पाहुण्या?" हे चालूच. दिवाळीच्या तोंडावर सुटल्या. ड्युटी, आयजीएसटी, कुरिअरची हँडलिंग फी आणि मुंबईतल्या मुक्कामाचा स्टोरेज चार्ज मिळून मालाच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर गेलं, ते धरून दोन कवट्या आम्हाला पंच्याऐंशी हजारांच्या आसपास पडल्या. पुन्हा मागवायची वेळ आली तर ऑर्डर देतानाच सांगेन की इनव्हॉइसवर आणि खोक्यावर दोन्हीकडं "रेझिन एज्युकेशनल मॉडेल, रेप्लिका" आणि कोड ९०२३ लिहा.

खोकं सुट्टीतच उघडलं, मी आणि शाळेतले शिपाई मामा दोघंच होतो. मिसेस प्लेस हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. छिद्र तिथंच, जिथं असायला पाहिजे होतं. इतकी वर्षं शिकवतेय पण बोट लावून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. कवटीवरून एक तडा गेलाय, चुनखडी फोडताना सुरुंगानं तिचे दोन भाग झाले होते त्याची ती खूण, कास्टमध्ये पण जशीच्या तशी उतरलीय. हाताच्या कारागिरीत हे कोणी कशाला करेल. निअँडरथल म्हाताऱ्याच्या जबड्यात बऱ्याचशा दाढांच्या खाचा हाडानं भरून आल्यात, म्हणजे दात जिवंतपणीच पडले आणि त्यानंतरही तो जगला. याच सांगाड्यावरून मार्सेलिन बूल या फ्रेंच शास्त्रज्ञानं निअँडरथल वाकून, गुडघे मुडपून चालायचे असं मांडलं आणि लोकांच्या डोक्यात ते चित्र घट्ट बसलं. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या शास्त्रज्ञांनी दाखवलं की म्हाताऱ्याला संधिवात होता, निरोगी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालायचा. दहावीच्या पोरांना विज्ञान कसं सुधारतं हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. मामा मात्र लांबूनच बघत होते, शेवटी म्हणाले, "मॅडम, ह्यांना रात्री नुसतं कुलूप लावू का उदबत्ती पण?"

आता प्रिंटचा भाग. होमो नलेदी या नामशेष मानवजातीचे जीवाश्म २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत मिळाले, २०१५ मध्ये ली बर्जर यांच्या टीमनं जाहीर केले आणि त्याच वेळी त्यांचे स्कॅन मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर लोकांना खुले करून दिले. केनियातल्या जीवाश्मांची मॉडेल्सही शिक्षणासाठी उतरवून घेता येतात. खातं काढायचं, कशासाठी हवं ते लिहायचं, आणि परवाना नीट वाचायचा, बहुतेक ठिकाणी अट असते की विकायचं नाही. आम्ही नलेदीचे तुकडे आणि जबडा घेतला, आणि १९८५ मध्ये अॅलन वॉकर यांना सापडलेली, ब्लॅक स्कल म्हणून प्रसिद्ध असलेली केएनएम-डब्ल्यूटी १७०००.

जुळे सोलापूरला एक इंजिनीअर झालेला मुलगा घरातच दोन प्रिंटर लावून बसतो, त्याच्याकडं डिसेंबरमध्ये फाइल दिली. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, हे मिलिमीटरमध्ये आहे का इंचात?" एसटीएल फाइलमध्ये (थ्रीडी प्रिंटसाठीची आकाराची फाइल) एकक नोंदलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. म्हणून प्रिंटला टाकायच्या आधी त्या कवटीचं एखादं छापील माप शोधून स्क्रीनवर ताडून बघा, आणि प्रिंट झाल्यावर परत व्हर्निअरनं. पूर्ण आकाराची एक कवटी दिवसभराच्या वर चालते, त्यामुळं यूपीएस नसलेल्या ठिकाणी देऊच नका, लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. दर ग्रॅमवर असतो, आतून पोकळ ठेवून पंधरा टक्के भराव पुरतो, भरीव करून कोणी बिल वाढवत असेल तर नको म्हणा. ब्लॅक स्कल आम्हाला साडेचार हजारात पडली. आणि हे प्रिंटरमध्ये वापरलेलं पीएलए प्लॅस्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलं तर नाक-डोळे बदलतील. त्या मुलानं बिलावरच लिहून दिलंय, गाडीत ठेवू नये.

प्रिंट पांढरी आणि रेघारेघांची निघते. पॉलिश पेपर मारून, पुट्टी, प्रायमर हे विद्यार्थ्यांनी केलं (दात सोडून, दातांना पुट्टी लावली की बारकावे गेले). रंगाला मात्र पूर्व भागातल्या मूर्तीवाल्याला गाठलं. गणपती आणि नवरात्रातल्या देव्या संपल्या की हे लोक जरा निवांत असतात, जूनमध्ये गेलात तर दारातनं परत पाठवतील.

"हे काय रंगवायलाव मॅडम, राक्षस का?"

"नाही ओ काका, आपला लांबचा चुलत. पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा."

"चुलत म्हंजे, आपण ह्याच्यापासनं नाही?"

मी म्हणलं, तसंच. ही वेगळी फांदी, पुढं खुंटली. त्यांना डोक्यावरच्या मधल्या कण्यात फार रस, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा असतो तो, चावायचे स्नायू धरायला. मग विचारलं रंग कुठला, गोरा का सावळा? मी म्हणलं काळा, पण कातडीचा नाही, मातीतलं मँगनीज हाडात मुरून आलेला. त्यांनी डोळे बारीक करून मोबाइलवरचा फोटो बघितला, काळ्यात थोडा निळा आणि तपकिरी घातला, आणि वरनं ओल्या स्पंजानं पुसून काढला. पैसे सांगितले पाचशे, मी सातशे दिले, काम हजाराचं होतं.

जानेवारी गड्ड्याच्या यात्रेत आणि सराव परीक्षेत गेला. मांडणी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला. मेंदूचं आकारमान घन सेंटीमीटरमध्ये सांगितलं की पोरं मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून प्रत्येक कवटीशेजारी तेवढीच ज्वारी बरणीत भरून ठेवली, मोजपात्रानं मोजून. आपल्या जिल्ह्यात ज्वारीला काय तोटा, एका विद्यार्थिनीनं मंगळवेढ्याची मालदांडी आणली घरची. ब्लॅक स्कल ४१०, मिसेस प्लेस ४८५, नलेदी ५६०, आपली सरासरी १३५० आणि निअँडरथल म्हातारा १६०० च्या वर. ती शेवटची बरणी आपल्यापेक्षा मोठी बघून सातवीतला एक जण चिडलाच, "मग तो का नाही राहिला आणि आपण का?" त्याचं सोपं उत्तर नाही हे मी त्याला तसंच सांगितलं. आणि बरण्या चढत्या क्रमानं लावू नका ही माझी कळकळीची विनंती, शिडी दिसते आणि शिडी खोटी आहे. नलेदीची बरणी लहान, पण वय २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षं, म्हणजे आपल्या जातीचे सुरुवातीचे लोक आफ्रिकेत वावरत होते त्याच सुमाराचे. आम्ही टेबलावर खडूनं फांद्या काढल्या आणि त्यावर कवट्या ठेवल्या. मिसेस प्लेसच्या पाटीवर वयासमोर "वाद चालू आहे" असं लिहिलं, त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले.

पालकांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं, आपल्या भारतातलं काही नाही का? आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हाथनोरा इथं ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. त्याची प्रतिकृती आमच्याकडं नाही, सध्या नकाशा आणि माहितीचा तक्ता लावलाय.

आता या कवट्या तालुक्यातल्या शाळांना आठवडाभरासाठी देतो. मोहोळला जाऊन आल्या, बार्शीची मागणी आहे. रेझिनची प्रत्येक कवटी जुन्या सोलापुरी चादरीत वेगळी गुंडाळायची, गालाच्या कमानीला धरून उचलायची नाही, दोन्ही हात तळाखाली. नेणाऱ्या शाळेकडून डेडस्टॉकच्या नोंद क्रमांकासह पोचपावती घेतो. ज्वारी ज्यानं त्यानं आपली आणायची, कारण आमच्या बरण्यांना मार्चमध्येच टोके लागले, कडुलिंबाचा पाला घालूनही.